अण्णांची सीटी १००: इंजिन बांधू की नवी घेऊ?

माळावरचा

नमस्कार मंडळी. गाव तुळजापूर तालुक्यात, नोकरी पुण्यात. गावी वडील असतात, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय ६६. त्यांच्याकडे बजाजची २००५ ची सीटी १०० आहे. किकस्टार्ट, चार गिअर, मागे वेल्डिंग करून घेतलेलं लोखंडी कॅरेज. तिचा रोजचा रस्ता ठरलेला. पहाटे दुधाचे दोन कॅन लावून डेअरी, तिथून शेत, दुपारी घर, संध्याकाळी पुन्हा डेअरी. मीटर ८७,००० वर बंद पडलं त्याला नऊ वर्षं झाली, त्यामुळे खरे किलोमीटर किती ते देव जाणे.

दिवाळीला गेलो तेव्हा लक्षात आलं की गाडी निळसर धूर सोडतेय. नुसता सकाळी नाही, चढाला गिअर टाकला की मागचा माणूस दिसेनासा होतो. किक इतकी हलकी झालीय की हातानं दाबली तरी जाते. आणि अण्णांनी स्वतःहून सांगितलं नव्हतं, पण दर पंधरा दिवसांनी ते पावशेर ऑइल ओततात.

नळदुर्गच्या मेस्त्रीनं हाफ इंजिनचे, म्हणजे क्रँक न उघडता पिस्टन-बोअरच्या कामाचे, साडेपाच हजार सांगितले. चुलत भावाचं म्हणणं, वीस वर्षांच्या गाडीवर पैसे घालू नकोस, भंगारात दे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, शंभर सीसीच्या नव्या गाडीचं कोटेशन सगळं धरून ऐंशी हजाराच्या आतबाहेर मिळालंय. त्यात हिची नोंदणी २०२० ला पहिली पंधरा वर्षं संपून पुढे पाच वर्षांसाठी वाढवली होती, ती मुदतही आता संपली. पुन्हा नूतनीकरण, पर्यावरण कर, आणि एचएसआरपी, म्हणजे सुरक्षा नंबरपाटी, बसवायची राहिलीय ती वेगळीच.

अण्णा एवढंच म्हणाले, "इंजिन बांध. हिचं मला सगळं ठाऊक आहे."

हा हट्ट आहे असं मला वाटत नाही, म्हणून तर इथं विचारतोय. २०१६ च्या दुष्काळात याच गाडीवर त्यांनी तीन महिने जनावरांसाठी पाणी आणलं. दोन्ही बाजूंना दोन-दोन कॅन, सहा किलोमीटर कच्चा रस्ता, दिवसाला चार खेपा. तेव्हा गाडी बंद पडली असती तर दोन्ही म्हशी विकाव्या लागल्या असत्या. जाणकारांनी सांगावं.

हाफ_इंजिन

दादा, बार्शीला माझं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. आधी गाडी नीट तपासा, मग पैशाचं बघू.

सकाळी पहिल्या किकला भस्सकन धूर आणि नंतर साफ, असं असेल तर व्हॉल्व्ह सील. ते काम स्वस्तात होतं. पण चढाला सतत निळा धूर म्हणजे बहुतेक पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ते सिलिंडरचं भोक. खात्री करायची असेल तर घरच्या घरी करा. प्लग काढा, त्या भोकातून चहाच्या चमच्यानं दोन चमचे इंजिन ऑइल आत सोडा. हातानं हळू दोन-तीनदा किक दाबा म्हणजे ऑइल पिस्टनच्या कडेनं पसरेल. आता प्लग लावा आणि किक मारा. आधीपेक्षा जड लागली तर रिंगा-बोअर गेलेत, कारण ऑइलनं तेवढ्यापुरती फट भरली. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह बघायचे.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. मेस्त्रीनं बॅरल, म्हणजे सिलिंडर, काढला की तुम्ही तिथं हजर राहा. कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून वर-खाली हलवून बघा. उजवी-डावीकडे थोडा हलणारच, तो हलायलाच हवा. पण सरळ वर-खाली टकटक झाली तर क्रँक गेलाय. मग ते हाफ इंजिन राहत नाही, फुल इंजिनचं काम होतं आणि साडेपाच हजारात बसत नाही. तसं निघालं तर नव्या गाडीचा विचार करा, मीसुद्धा तेच सांगेन.

रॉड चांगला असेल तर डोळे झाकून बांधा. बॅरल लेथवर पाठवताना नवा पिस्टन सोबत द्यायचा, त्या पिस्टनच्या मापानं बोअर मारतात. परत आला की उजेडाकडे धरून आत बघा. बारीक तिरक्या रेघांची जाळी दिसली पाहिजे. आरशासारखा चकचकीत असेल तर परत पाठवा. त्या रेघांतच ऑइल धरून राहतं, रेघा नसतील तर रिंगा बसत नाहीत आणि सहा महिन्यांत पुन्हा धूर.

एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला होता? शेतरस्त्याच्या गाड्यांचा बोअर किलोमीटरनं कमी आणि धुळीनं जास्त जातो.

माळावरचा

दादा, चमच्याची तपासणी अण्णांकडून फोनवर करून घेतली. म्हणाले, किक चांगलीच जड लागली. म्हणजे बोअर. एअर फिल्टर कधी बदलला ते त्यांनाही आठवत नाही.

शंभर_सीसी

वाचतोय. या वर्गातल्या गाड्यांबद्दल मला मनापासून जिव्हाळा आहे, म्हणून थोडं मागचं लिहितो.

१९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली तोवर आपल्याकडे बहुतेक करून एक तर स्कूटर, नाही तर राजदूत-बुलेट-येझदी. खेड्यात लुना आणि पुढे एम-८०. सीडी १०० चं इंजिन चार स्ट्रोकचं, ९७.२ सीसी. पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर आणि त्याची वर-खाली धाव ४९.५. १९९४ ला स्प्लेंडर आली तीही याच मापावर, आणि आजही तेच माप चालू आहे. होंडाच्या कब या जुन्या छोट्या गाडीचा वंश असल्यानं ते इंजिन आडवं झोपलेलं असतं, समोरचा वारा थेट हेडवर येतो.

बजाजची ओळ वेगळी. कावासाकीच्या सहकार्यातून आलेली, उभं इंजिन. बॉक्सर, आणि तिच्यातूनच २००४ साली सीटी १००. माप ५३ बाय ४५, म्हणजे रुंद पिस्टन, आखूड धाव, ९९.२७ सीसी. पुढे १०२ सीसीच्या प्लॅटिनाला त्यांनी नेमकं उलटं केलं. ४७ बाय ५८.८, अरुंद पिस्टन आणि लांब धाव. लांब धावेचं इंजिन कमी फेऱ्यांतच ओढ देतं. दुधाचे कॅन लावून तिसऱ्या गिअरवर चढ काढणाऱ्या माणसाला हेच हवं असतं.

साधारण आठ अश्वशक्ती, एकशेदहा-पंधरा किलो वजन, हवेवर थंड होणारं एक सिलिंडर. या आकड्यांना कुणी नाकं मुरडू नयेत. आठ अश्वशक्तीच असल्यामुळे त्या इंजिनाचा कुठलाही भाग कधी जिवावर येईपर्यंत राबवला जात नाही, आणि म्हणून वीस वर्षांनीही नुसता पिस्टन बदलून ते उभं राहतं.

वाळूजची_शिफ्ट

शंभर_सीसी भाऊ, छान लिहिलंय. मी गंगापूर तालुक्यातला. वाळूज एमआयडीसीत एका व्हेंडरकडे प्रेस शॉपला चौदा वर्षं काढली. नाव सांगत नाही, पण आमचा माल बजाजच्या गाड्यांना जायचा.

बॉक्सर भारतात बंद झाली असं लोकांना वाटतं. ती बंद झालीच नाही. सीटी १०० आल्यावर इथल्या रस्त्यांवरून तिचं नाव गेलं, पण आफ्रिकेत ती बॉक्सर म्हणूनच जात राहिली. २०११ ला कंपनीनं १५० सीसीची बॉक्सर इथंही आणून बघितली, पण आपल्या लोकांनी घेतली नाही. तिकडे मात्र तीच धावते. खोक्यात सुट्या भागांत जायची गाडी, हँडल वेगळं, चाकं वेगळी, तिकडे जोडणी. आम्ही जो ब्रॅकेट ठोकायचो त्याच्या दोन जाती होत्या, एक देशी आणि एक एक्सपोर्ट. एक्सपोर्टची पट्टी जाड. सुपरवायझरला पहिल्या महिन्यातच विचारलं होतं, जाड का? म्हणाला, तिकडे मागं तीन माणसं बसतात.

२०२३ साली नायजेरियाचं चलन, नायरा, धाडकन घसरलं. तिकडं गाड्यांना गिऱ्हाईक कमी झालं आणि वाळूजला आमचा ओव्हरटाइम गेला. आमच्या लाइनवर बारावी शिकलेली पोरं मोबाइलवर नायऱ्याचा भाव बघायला लागली होती. वैजापूर-पैठणच्या पोराच्या घरचा हप्ता लागोसच्या रस्त्याला बांधलेला आहे, हे मला तेव्हा कळलं.

अण्णांना नमस्कार सांगा. २००५ ची असेल तर गाडी आमच्या भागातूनच निघालेली असण्याची शक्यता बरीच आहे.

झुणका

+१. इंजिन बांधा.

विषुववृत्तावरून

वाळूजची_शिफ्ट, तुमचा तो जाड ब्रॅकेट मी रोज बघतो.

मी मूळचा संगमनेरचा, नऊ वर्षं युगांडात, कंपालाला औषधांच्या वितरणात आहे. इथं दुचाकी-टॅक्सीला बोडा-बोडा म्हणतात. साठच्या दशकात केनियाच्या सीमेवर बुसियाला सायकलवाले लोकांना एका चौकीवरून दुसऱ्या चौकीवर सोडायचे, "बॉर्डर-बॉर्डर" ओरडायचे, त्यातून हा शब्द आला असं सांगतात. आता सायकलची जागा मोटरसायकलनं घेतली आणि त्यात बॉक्सर इतकी की काही लोकांच्या तोंडी गाडीला शब्दच बॉक्सर. टीव्हीएसच्या एचएलएक्सही भरपूर आहेत.

बोडावाले जिथं उभे राहतात त्या जागेला स्टेज म्हणतात. आमच्या गोदामासमोर एक स्टेज आहे. तिथल्या एका पोरानं मागच्या पावसाळ्यात माझ्यासमोर क्लच केबल बदलली. सीटखालून जुन्या ट्यूबच्या रबरात गुंडाळलेली पुडी काढली. आत एक केबल, एक प्लग, दहा नंबरचा पाना, पकड. भर पावसात, गाडी डबल स्टँडवर, सात-आठ मिनिटांत काम झालं आणि तो गिऱ्हाईक घेऊन गेला. गाडी त्याची स्वतःची नाही, मालकाला आठवड्याला ठरलेली रक्कम द्यावी लागते. त्याला एकदा विचारलं, हीच गाडी का? म्हणाला, "सेबो, माझ्या गावात शोरूम नाही. पण माझ्या गावात हिचा पिस्टन मिळतो." सेबो म्हणजे साहेब, दादा असं काहीतरी.

इथं किसेक्का मार्केट नावाचा सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. तिथं गेलं की आपल्याकडच्या जुन्या बाजारात शिरल्यासारखं वाटतं. क्लचप्लेटांच्या माळा, चेनसेटची खोकी, आणि खोक्यावर महाराष्ट्रातला पत्ता. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी दुकानात बराच वेळ ते खोकं हातात धरून उभा होतो.

या गाडीवर काय काय नेतात ते लिहीत बसलो तर धागा भरेल. हिरव्या केळ्यांचे घड, ज्याला मटोके म्हणतात, पाच-सहा एका वेळी. कोळशाची पोती. एकदा सोफासेट पाहिला. आणि रस्ता तांबड्या मातीचा. त्याला इथले लोक 'मरम' म्हणतात. हा आपला मुरूमच. रेल्वे बांधायला आपल्याकडची माणसं या भागात आली त्यांच्याबरोबर आला असावा असं मला वाटतं. मुरमाच्या रस्त्यावर वाळूजची गाडी बघितली की परक्या मुलखात आहे असं वाटत नाही.

मूळ प्रश्नाला माझं उत्तर: जी गाडी अण्णांच्या गावात दुरुस्त होते ती ठेवा.

डोंगरवाट

मी अकोले तालुक्यात आरोग्य उपकेंद्राला एएनएम, म्हणजे परिचारिका आहे. वरच्या सगळ्या प्रतिक्रिया पुरुषांच्या आहेत म्हणून लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे वाड्या लांब लांब. लसीकरणाच्या दिवशी व्हॅक्सिन कॅरिअर घेऊन दोन-तीन वाड्या करायच्या असतात. आधी माझ्याकडे स्कूटर होती. डोंगरातल्या खडीवर स्कूटरचं लहान चाक प्रत्येक खड्ड्यात बसतं, दोनदा पडले. मग भावानं त्याची शंभर सीसीची मोटरसायकल चालवायला शिकवली. सतरा इंचाचं चाक खड्ड्यात उतरतं आणि सरळ वर येतं, हा फरक पहिल्याच दिवशी कमरेला कळला.

पण त्या गाडीला नुसती किक होती. पंजाबी ड्रेसवरही किक मारायला जड जायचं, साडीवर तर विचारूच नका. गाडी चढावर बंद पडली की कुणीतरी पुरुष येईपर्यंत थांबायचं. दोन वर्षांपूर्वी मी सेल्फस्टार्टची प्लॅटिना घेतली. एक बटण, पण त्या बटणामुळे मी एकटी जाऊ लागले. स्वस्त गाडी म्हटलं की कंपन्या पहिलं सेल्फ काढतात, आणि त्याबरोबर गाडीवरून निम्म्या गावाला उतरवतात.

माळावरचा दादा, अण्णा आता ६६ चे आहेत. इंजिन बांधल्यावर किक पुन्हा जड होणार. त्यांच्या गुडघ्याला विचारलंत का?

माळावरचा

ताई, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. विचारतो. मनापासून आभार.

ऊस_आणि_टाकी

एक मुद्दा राहिला, पेट्रोलचा. आता पंपावर सगळीकडे ई-२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल. २००५ ची गाडी त्यासाठी बनवलेलीच नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की अशा जुन्या दुचाकींचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्के कमी होईल. मी स्वतः ऊस लावतो, माझ्या उसाच्या मळीचं इथेनॉल होतं आणि त्याचे पैसे कारखान्यामार्फत मलाच मिळतात. त्यामुळे इथेनॉल नको असं मी म्हणणार नाही. पण जुन्या गाडीवाल्यानं काय काळजी घ्यायची हे गावात कुणी सांगत नाही. बार्शीकर दादांनी सांगावं.

हाफ_इंजिन

बरोबर विचारलंत. गॅरेजला जे बघतो तेवढंच सांगतो.

टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा पेट्रोल पाइप कडक किंवा फुगलेला दिसला की बदला. कॉकचा वॉशर तसाच. कार्बोरेटरच्या आतले रबरी ओ-रिंग फुगतात, मग पेट्रोल ओव्हरफ्लो होतं. आणि इथेनॉल पाणी ओढतं. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा. अर्ध्या टाकीत हवा, हवेत ओल. महिन्यातून एकदा कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून वाटीत थोडं पेट्रोल काढा. तळाला मोत्यासारखा थेंब वेगळा फिरताना दिसला तर ते पाणी. पावसाळ्यात असं हमखास निघतं.

आणि एक. बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांनंतर, म्हणजे एप्रिल २०२० पासून, शंभर सीसीतही कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन किंवा इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आली. धूर खरोखर कमी झाला, थंडीत सुरू व्हायला चांगलं. मी विरोधात नाही, मी त्यातलं शिकलोही. पण सेन्सर गेला तर मी रस्त्यावर काही करू शकत नाही. स्कॅनर लावून कोड बघावा लागतो, भाग तालुक्याला मिळेलच असं नाही. जुन्या गाडीत नव्वद टक्के वेळा मी प्लग, पेट्रोल, करंट एवढंच बघतो आणि गाडी चालू होते. अण्णा "सगळं ठाऊक आहे" म्हणतात ते यासाठीच.

सीएनजी_शेठ

बजाजच्या फ्रीडम १२५ चा विचार केलात का? जुलै २०२४ मध्ये पुण्यात आली, जगातली पहिली सीएनजी मोटरसायकल. २ किलो सीएनजी आणि २ लिटर पेट्रोल.

माळावरचा

शेठ, गाडी चांगली आहे, पुण्यात मी पाहिली. पण आमच्या गावाहून सीएनजी पंप लांब आहे आणि रोजचा रस्ता त्या बाजूला नाही. आमच्यासाठी नाही.

उजेड

मी या सगळ्यांच्या विरुद्ध मत देणार आहे. राग मानू नका.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये माझे मामा उसाच्या ट्रॉलीला मागून धडकले. संध्याकाळचे साडेसात, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि रस्त्याच्या कडेला उभा. मामांची गाडी जुनी शंभर सीसी. त्या गाड्यांचा हेडलाइट मॅग्नेट कॉइलच्या करंटवर चालतो. इंजिन जोरात तेव्हा उजेड, वेग कमी केला की दिवा मिणमिणतो. म्हणजे माणूस सावध होऊन वेग कमी करतो, नेमका तेव्हाच समोरचं दिसत नाही. मामा वाचले, पण उजवा पाय गेला.

एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत लागलेलाच असतो, त्यामुळे समोरच्याला आपण दिसतो. एप्रिल २०१९ पासून या वर्गाला दोन्ही चाकं एकत्र धरणारे ब्रेक सक्तीचे झाले. अण्णांच्या गाडीला यातलं काही नाही. तुमच्या भागात आता गाळप सुरू झालंय. ६६ वर्षांचा माणूस संध्याकाळी दुधाचे कॅन लावून त्याच रस्त्यानं येतो. ऐंशी हजार जास्त वाटतात, पण कशाच्या तुलनेत ते बघा.

दुरुस्तीबद्दल सगळ्यांनी जे लिहिलं ते खरं आहे. पण ब्रेक आणि उजेडाबद्दल कुणी अक्षरही काढलं नाही, म्हणून लिहिलं.

वाळूजची_शिफ्ट

उजेड, राग कसला. तुम्ही बोललात ते आम्हीच आधी बोलायला हवं होतं.

हाफ_इंजिन

मान्य. पूर्ण मान्य. दिवसा शेत-डेअरी वेगळं आणि रात्री राज्य मार्ग वेगळा. इंजिन बांधलं तरी ही गाडी अंधारात मोठ्या रस्त्याला काढू नये. आणि इंजिनावर पैसे घालताना तिथंच पुढचे-मागचे ब्रेक लायनर, मागचा टायर आणि हँडलचा कोनसेट बघून घ्या. पिकअप वाढवून ब्रेक तसाच ठेवणं हे मेस्त्रीचं काम नव्हे.

विषुववृत्तावरून

सहमत. इथंही स्टेजवर संध्याकाळी सात नंतर रिफ्लेक्टरचं जॅकेट न घालणाऱ्यांना बाकीचेच टोकतात. इथल्या सरकारी रुग्णालयांत बोडाच्या अपघातांचे रुग्ण किती येतात ते मी कामानिमित्त पाहिलंय. ही गाडी पोट भरते म्हणून तिला सगळं माफ करता येत नाही.

माळावरचा

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमा असावी.

मागच्या शुक्रवारी रात्री गावी गेलो, शनिवारी सकाळी गाडी गॅरेजला. मेस्त्रीला म्हटलं मी इथंच बसणार, तो हसला आणि बसायला टायर दिला. अण्णा शेजारी बसले. बॅरल निघाला. आत उभे चरे होते, नखाला लागतील एवढे. एअर फिल्टर काढला तर त्यात माती नव्हे, वाळलेला चिखल. कनेक्टिंग रॉड मी स्वतः दोन बोटांत धरला. वर-खाली काही नाही. अण्णांनीही धरून बघितला. मग मेस्त्रीनं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि ठरलं.

बॅरल सोलापूरला लेथवर गेला, संध्याकाळी आला. उजेडाकडे धरला, रेघांची जाळी होती. व्हॉल्व्ह सील, टायमिंग चेन, पेट्रोल पाइप, एअर फिल्टर, दोन्हीकडचे लायनर, मागचा टायर. टायर धरून एकूण ९,४०० झाले. साडेपाचाचे इतके कसे झाले ते तुम्ही सगळ्यांनी वाचलंच आहे, आणि त्यातला एकही रुपया मला जास्त वाटत नाही. मागच्या मडगार्डला आणि कॅनच्या कॅरेजला लाल रिफ्लेक्टर पट्टी मी लावली. एचएसआरपी पाटी बसली, नूतनीकरणासाठी आरटीओची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

डोंगरवाट ताई, गुडघ्याचं विचारलं. आधी "काही नाही" म्हणाले. आईनं सांगितलं की डावा दुखतो, उजवा बरा आहे. किक उजव्या पायाची असल्यानं चालून गेलंय. पण पुढची गाडी सेल्फचीच, हे त्यांनी कबूल केलंय.

उजेड भाऊ, तुमची प्रतिक्रिया मी अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत. रविवारी संध्याकाळी स्वतः उठून चुलत भावाच्या घरी गेले आणि म्हणाले, गाळप संपेपर्यंत सांजचं दूध तू नेत जा. त्याची गाडी नवी आहे, दिवा चांगला आहे. भंगारात दे म्हणणारा तोच. आता रोज संध्याकाळी आमचे कॅन तोच नेतो. अण्णा अंधार पडायच्या आत घरात.

सोमवारी पहाटे निघायच्या आधी त्यांनी पहिली किक मारली. अर्ध्यावर अडली. पाय काढला, पुन्हा ठेवला, अंगाचा भार देऊन मारली. लागली. धूर नाही. मी मागे उभा होतो, चेहऱ्यावर नुसती गरम हवा आली. "जड झाली," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर पुन्हा तेच सांगितलं.

काल त्यांनी प्लग काढून बघितला. विटकरी रंगाचा आलाय.

बार्शीकर दादा, एक शंका. गाडी चाळीसच्या पुढं नेत नाहीत, कॅनही एकच लावतात. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला बदलू का? मीटर बंद असल्यानं डेअरीच्या खेपांवरून हिशोब ठेवतोय.

हाफ_इंजिन

विटकरी म्हणजे झकास.

५०० पर्यंत थांबू नका, ३०० ला बदला. नव्या रिंगा घासून बसताना जो कीस निघतो तो पहिल्याच ऑइलमध्ये येतो. काढलेलं ऑइल रिकाम्या पांढऱ्या बाटलीत भरा आणि उन्हात धरून हलवा. अगदी बारीक चमक चालेल. डोळ्यांना कण दिसले तर गाडी उभी करा आणि इथं फोटो टाका.

मीटरची केबल मात्र लगेच बसवा. खेपा मोजायला अण्णा आहेत, पण आरटीओत मीटर चालू लागतं.